परतीच्या गाडीत भेटलेली अक्का

२०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयता श्रीलंकेला आठ दिवस जाऊन आलो. तेव्हापासून विहारात, लग्नकार्यात, कल्याण स्टेशनच्या पुलावर जो भेटेल तो एकच विचारतो, "काय काय पाहिलं?" अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहिला, कँडीचे दंतधातू मंदिर पाहिले, असे मी सांगतो. ऐकणारा हात जोडतो आणि विषय संपतो. त्या दर्शनाची हकिकत पुष्कळांनी लिहिली आहे, माझ्यापेक्षा चांगली लिहिली आहे. परत कसे आलात, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या सौ.चे म्हणणे असे की सांगण्यासारखे जे काही आहे ते परतीच्या वाटेवरच घडले. तिच्याच आग्रहावरून हे लिहितो आहे.

आधी थोडे घरचे सांगतो. मी पतसंस्थेत क्लार्क. सौ. घरी शिवणकाम करते, गाऊन आणि परकर शिवते. लग्नाला वीस वर्षे झाली, पण दोघांनीच कुठे फिरायला जाणे कधी जमले नाही. सुट्टी मिळाली की मोर्चा, शिबिर, नाहीतर कोणाचे तरी दाखल्याचे काम. तिची भिशी लागली आणि त्याच सुमारास बातमी आली की श्रीलंकेने भारतीयांना ३१ मार्च २०२४ पर्यंत व्हिसाची फी माफ केली आहे. मुलांना मावशीकडे ठेवले. चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून विमान, असे ठरवले. मुंबईहून थेट विमानाचे भाडे आम्हाला झेपणारे नव्हते. चाळीत एक-दोघांनी ऐकवलेच, "समाजाचं काम करणारा माणूस बायकोला घेऊन परदेशात फिरतो!" मला ते लागले होते, हे कबूल करतो. म्हणून की काय, आठही दिवस मी नोंदवहीत पै-पैचा हिशेब लिहीत होतो.

शेवटचे दोन दिवस नुवारा एलियाला काढले. हिला थंड हवेचे ठिकाण पाहायचे होते. थंडी भरपूर मिळाली. रविवारी, २८ जानेवारीला सकाळी नानू ओया स्टेशनवर कोलंबोची गाडी पकडली. रात्रीचे विमान होते. गाडी निळ्या रंगाची आणि रूळ आपल्यासारखेच रुंद. घड्याळसुद्धा बदलावे लागत नाही, तिथली आणि आपली वेळ एकच. स्टेशनांच्या पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन लिपींत. दुसऱ्या वर्गाच्या बिनआरक्षित डब्यात दाराजवळ कशीबशी जागा मिळाली. बाहेर दोन्ही अंगांना चहाचे मळे, जणू डोंगर विंचरून ठेवले आहेत. "वडे, वडे" अशी आरोळी आली तेव्हा सौ. दचकून माझ्याकडे बघायला लागली. खरोखरच डाळीचे वडे होते. वर कोळंबी लावलेलेही होते. कर्जत स्टेशन आल्यासारखे वाटले.

तलवाकेलेला एक बाई चढल्या. पंचावन्न-छप्पन वय, अंगात स्वेटर, दोन्ही हातांत पिशव्या. सौ. सरकून बसली, त्यांना टेकायला जागा केली. आमचे मराठी बोलणे थोडा वेळ ऐकून त्यांनी एकदम विचारले, "इंडिया से? बंबई?" आम्ही चकित. या डोंगरात हिंदी! त्या हसल्या. सात वर्षे कुवेतला घरकामाला होत्या, तिथे शेजारच्या घरांत भारतातल्या बायका कामाला होत्या, त्यांच्याकडून शिकल्या. मोडकी, पण कामाला येईल अशी हिंदी. सौ.ने त्यांना अक्का म्हणायला सुरुवात केली आणि पुढचे पाच-सहा तास त्या आमच्या अक्काच झाल्या. मुलगी कोलंबोत होती, तिच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या.

अक्का चहाच्या मळ्यात पाने खुडतात. त्यांची आई खुडायची, आजी खुडायची. दिवसाला अठरा किलो पाने भरली तरच पूर्ण हजेरी. त्यावेळी मजुरी होती दिवसाला एक हजार रुपये. ऐकायला मोठी वाटते, पण त्यांचा रुपया लहान. आपले साधारण दोनशे साठ रुपये. राहायला इंग्रजांच्या काळातल्या बराकी, त्यांना तिथे 'लयम' म्हणतात. एकेका कुटुंबाला दहा बाय बाराची खोली. सौ. म्हणाली, "आमच्या चाळीतली पण दहा बाय बाराच आहे." अक्कांनी विचारले, "तुम्हारे नाम पे?" सौ. म्हणाली, पागडीची आहे, पण भाडेपावती आमच्या नावाची आहे. अक्का म्हणाल्या, "हमारा कुछ भी नाम पे नहीं. दो सौ साल."

दोनशे वर्षे हा आकडा त्यांनी हवेत सोडला नव्हता. इंग्रजांनी तमिळ मुलुखातून मजूर आणले ते १८२० नंतरच्या काळात, आधी कॉफीच्या मळ्यांसाठी. कॉफीवर रोग पडला आणि चहा आला. माणसे होडीतून मन्नारला उतरायची आणि जंगलातून चालत मातलेपर्यंत यायची. कितीतरी वाटेतच मेली. त्या गोष्टीला दोनशे वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये त्यांचे लोक तलैमन्नारपासून मातलेपर्यंत पुन्हा चालत गेले. अक्का त्यात शेवटचे दोन दिवस चालल्या होत्या. हे सांगताना त्या ताठ बसल्या. लाँग मार्चला जाऊन आलेली आपल्याकडची म्हातारी माणसे अशीच ताठ बसतात.

कोटागला गेले, मग लांब बोगदा लागला आणि डब्यातली पोरे अंधारात किंचाळली. बाहेर पडलो तो हॅटन. पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू चढले, श्रीपादाच्या शिखरावरून उतरून आलेले, पाय धरून बसणारे. "साधू, साधू" ऐकून सौ.ने आपोआप हात जोडले. अक्का ते पाहत होत्या. त्यांनी विचारले, "तुम बौद्ध? बौद्ध तो सिंहली लोग होता है. तुम इंडियावाला, बौद्ध कैसे?"

हा प्रश्न आठ दिवसांत आम्हाला अनेकांनी विचारला होता आणि मी दरवेळी लांबलचक उत्तर दिले होते. या वेळी सौ.ने दिले. गळ्यातल्या साखळीतले बाबासाहेबांचे पदक तिने पुढे केले आणि म्हणाली, "ये हमारे बाबासाहेब. पहले हमको गाव के बाहर रखते थे, पानी नहीं देते थे. १९५६ में इनके साथ हम लोग बौद्ध हुए." मी पुस्ती जोडली की १९५० साली बाबासाहेब कँडीला जागतिक बौद्ध परिषदेसाठी आले होते. माझ्या पुस्तीकडे अक्कांनी लक्ष दिले नाही. त्यांनी पदक दोन बोटांत धरून नीट पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हमारा दादा लोग का घर भी इंडिया में गाव के बाहर था. ऐसा बोलता था." आणि सौ.च्या हातावर हात ठेवला. जातीचे नाव दोघींनीही घेतले नाही. घ्यायची गरज पडली नाही.

मग विषय कांद्यावर गेला. मोठ्या कांद्याला तिथे 'बोंबाई लूनू' म्हणतात, म्हणजे मुंबईचा कांदा. आपल्या सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंद केली होती, त्यामुळे त्यांच्याकडे कांदा चांगलाच महागला होता. "तुम लोग ने क्यों बंद किया?" अक्कांनी मला असे विचारले, जणू आदेशावर सही माझी होती. नाशिकचा शेतकरीसुद्धा हेच विचारतो आहे, असे मी सांगितले. त्यांना ते पटले नाही.

नावलपिटियाच्या पुढे उकडायला लागले. अक्कांनी स्वेटर काढून पिशवीत ठेवला आणि त्याच पिशवीतून एक पुडा बाहेर काढला. दूध पावडरीच्या रिकाम्या पाकिटात काहीतरी भरून तोंड दोऱ्याने शिवलेले. सोबत इंग्रजीत पत्ता लिहिलेला कागद : कोटागिरी, निलगिरी जिल्हा, तमिळनाडू. पत्ता मोठ्या बहिणीचा.

बहीण १९७६ मध्ये गेली. अक्का तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. बहिणीच्या सासरच्यांचे कागद भारताचे निघाले, म्हणून त्यांना जावे लागले. तलवाकेलेच्या प्लॅटफॉर्मवर सगळा मळा रडत होता एवढे त्यांना आठवते. गाडीने तलैमन्नार, तिथून बोटीने रामेश्वरम. बहिणीने भारत कधी पाहिलेला नव्हता. बापाने पाहिला नव्हता. आजोबासुद्धा लंकेतच जन्मलेले.

याबद्दल घरी आल्यावर मी वाचून काढले. १९४८ च्या कायद्याने मळ्यांतल्या या लोकांपैकी बहुतेकांचे नागरिकत्व गेले. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. माणसे धरली ९ लाख ७५ हजार. त्यांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. दहा वर्षांनी तो दीड लाखही निम्मा निम्मा वाटून घेतला. मी हिशेबाचा माणूस आहे. बेरीज बरोबर जुळते. पण जावा-जावा, बहिणी-बहिणी कोणत्या रकान्यात पडल्या हे त्या बेरजेत कुठे दिसत नाही. निलगिरीत तमिळनाडू सरकारने परत आलेल्यांसाठी चहाचे मळे काढले. अक्कांची बहीण तिथे गेली आणि पुन्हा पानेच खुडू लागली. लंकेतल्या सरकारी कागदांत हे लोक 'इंडियन तमिळ'. अक्का सांगतात, कोटागिरीत बहिणीच्या कुटुंबाला अजून सिलोनवाले म्हणतात. अक्कांसारखे जे मागे राहिले, त्यांच्यातल्या शेवटच्या लोकांना नागरिकत्व मिळायला २००३ चा कायदा यावा लागला.

तर पुड्यात होता चहा. मळ्यातून मिळणारी भुकटी, अर्धा किलो. कोलंबोत कोणी भारतात जाणारा भेटला तर द्यावी म्हणून आणलेली. चेन्नईला उतरलात की पोस्टात टाका, एवढीच विनंती.

सौ.ने हात पुढे केला. मी तिचा हात धरला. मराठीत म्हणालो, "अनोळखी माणसाचं काही विमानात न्यायचं नसतं. आत काय आहे कोणाला माहीत? कस्टमवाले पकडतील तर आपल्याला पकडतील." ती म्हणाली, "चहा आहे. आणि निलगिरीत चहाच पिकतो, मग चहाच्या नावाखाली खोटं कोण सांगेल? खोटं सांगायचं असतं तर दुसरं काही सांगितलं असतं." हा युक्तिवाद मला त्या वेळी सुचण्यासारखा नव्हता. मी मान हलवत राहिलो. अक्कांना मराठी येत नव्हते, पण माझा चेहरा वाचायला भाषा लागत नव्हती.

त्या रागावल्या नाहीत. पुडा मांडीवर घेतला, दाताने दोरा तोडला, पाकीट उघडले आणि माझ्यासमोर धरले. "हाथ डालो. नीचे तक." डब्यातली माणसे बघत होती. "डालो, डालो. कुवेत में जाते टाइम भी मेरा बॅग खोला, आते टाइम भी खोला. मेरे को आदत है."

मी हात घातला. तळापर्यंत चहाच होता. दोन तास हाताला वास राहिला. थोड्या वेळापूर्वी याच बाईने आमच्या बाबासाहेबांचे पदक दोन बोटांत धरले होते आणि मी समाजकार्यात वीस वर्षे घालवली आहेत, एवढे इथे लिहितो आणि पुढे जातो. वाचकांनी कोणाचेही पुडे घेऊन विमानात बसावे असे मी सांगणार नाही. तसे करणे धोक्याचेच आहे. पण उघडून बघताना नजर खाली घालायची वेळ माझ्यावर आली, तीही खोटी नाही.

सौ.ने पर्समधून सुई-दोरा काढला. शिवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये तो असतोच. हलत्या गाडीत तिने पाकिटाचे तोंड पुन्हा शिवले, अक्कांपेक्षा बारीक टाक्यांनी. अक्कांनी टाके पाहिले आणि मान डोलावली. कारागिराने कारागिराला दिलेली पावती होती ती.

पेरादेणिया, कडुगन्नावाचा घाट, पोल्गहवेला. मळे संपले, नारळ आले. कोलंबो फोर्टला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. गर्दीत अक्कांचा जावई त्यांना घ्यायला आला होता. नमस्कार करायच्या आत गर्दीने आम्हाला वेगळे केले. सौ. लांबून ओरडली, "अक्का, मुलगी झाली तर कळवा!" मराठीतच ओरडली.

विमानतळावर सामान तपासणीच्या रांगेत मी इंग्रजीत वाक्ये तयार करून ठेवली होती. हा पुडा एका बाईने दिला आहे, आम्ही उघडून पाहिला आहे, त्यात चहा आहे. विचारले तर खरेच सांगायचे ठरवले होते. कोणी विचारले नाही. आत गेल्यावर हिशेब केला तर खिशात त्यांचे अकराशे चाळीस रुपये उरले होते, ते भारतात चालणार नव्हते. एका दुकानात चहा घ्यायचा ठरवला. कागदी कपातला एक चहा, साडेआठशे रुपये. सौ.ने भाव वाचला, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "पंधरा किलो पानं." एकच कप घेतला, दोघांनी अर्धा-अर्धा प्यायलो. नोंदवहीत लिहिताना मी रुपयांपुढे कंसात पंधरा किलो असेच लिहिले.

विमानाचे काय सांगणार? रात्र होती, खाली काळे पाणी. ज्या समुद्रावरून अक्कांच्या बहिणीची बोट गेली, तसलाच समुद्र ओलांडायला आम्हाला सव्वा-दीड तास लागला आणि त्यात सौ. झोपली होती.

सोमवारी चेन्नईत संध्याकाळच्या गाडीपर्यंत दिवस मोकळा होता. मरीना बीच पाहायचा बेत होता. आधी राजाजी सालईवरच्या मोठ्या टपाल कचेरीत गेलो. लाल इमारत, आत उंच छत. खोके विकत घेतले, पुडा त्यात बसवला, पत्ता मी माझ्या कचेरीच्या अक्षरात लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागी आमचा कल्याणचा पत्ता आणि मोबाइल नंबर टाकला. रांग, खोके आणि पावती या सगळ्यात दोन तास गेले. मरीना राहिला. सौ.ला त्याचे काही वाटले नाही.

परतीच्या रेल्वेत वरचा बर्थ मिळाला, पण झोप लागली नाही. पहाटे वाडी गेले, उजाडता उजाडता गुलबर्गा, मग सोलापूर. सोलापूर सुटले की मी नेहमी दारात जाऊन उभा राहतो. मोहोळला आमची गाडी थांबत नाही, पाटी नुसती सरकन निघून जाते. तिथून आत आमचे गाव. वडील १९७२ च्या दुष्काळात तिथून निघाले, आधी खडी फोडायच्या कामावर, मग कल्याणला. चाळीस वर्षे कल्याणला राहिले, तिथेच वारले. पण गावाला निघताना शेवटपर्यंत म्हणायचे, "घरी जाऊन येतो." ज्या गावाने आमचे घर ओढ्याच्या पलीकडे ठेवले, ते 'घरी'. मी चिडायचो, वाद घालायचो. त्या दिवशी पाटी गेली तेव्हा मी काहीच बोललो नाही. सौ. मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "मामंजींनी हाक मारली असती चहाला."

मंगळवारी चार वाजता कल्याण. जिना उतरताना बॅगेचे चाक निखळले. चाळीत शिरलो तर मुले मावशीकडून येऊन दारातच बसलेली. बोधिवृक्षाचे गळलेले पान वहीत दाबून आणले होते, ते आता विहारात काचेत आहे. आम्ही विकत आणलेला चहा पाव-पाव करून शेजाऱ्यांत वाटला. ज्यांनी टोमणा मारला होता त्यांनाही दिला. त्यांनी चांगला आहे म्हटले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हातारा आवाज, नुसती तमिळ. मी काही बोलायच्या आत सौ.ने फोन ओढून घेतला आणि "हां अक्का, हां अक्का" करत राहिली. तिकडून पाच मिनिटे बोलणे चालले होते, तिला एक शब्द कळत नव्हता. शेवटी नातवाने फोन घेतला. त्याला इंग्रजी येत होते, थोडी हिंदीही. पुडी पोचली. तलवाकेलेहूनही निरोप आला होता, मुलगीच झाली.

सौ.ने विचारले, "आजींना चहा आवडला का?"

नातू म्हणाला, आजीने अजून केलेला नाही. डब्यात भरून ठेवला आहे. संध्याकाळी झाकण उघडते, वास घेते आणि परत लावते.

सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, त्याला नीट हिंदीत सांगा. म्हणावं, चहा पडून राहिला की वास जातो. करून प्या म्हणावं, उद्याच."